मातेचा आहार आणि बाळाचे आतडे : एका नाकारलेल्या देणगीच्या निमित्ताने



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखाद्या आरोग्यविषयक प्रश्नाची माहिती सोप्या भाषेत देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. या वर्षीचा विषय निवडण्यामागे एक विशेष कारण घडले. रुग्णालयाच्या एका जुन्या देणगीदारांनी प्रसूती विभागातील प्रत्येक गरजू मातेस बाळाच्या दुधाच्या पावडरीचा एक डबा आणि गर्भवतींसाठीच्या पोषक पावडरीचा एक डबा देण्याची इच्छा व्यक्त केली. दोन्ही डब्यांवर ‘प्रीबायोटिकयुक्त’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. आम्ही ही देणगी नम्रपणे नाकारली. ‘गरिबाच्या लेकरासाठी देऊ केलेली वस्तू रुग्णालय घेत नाही, हे कसे?’ असे त्यांनी विचारले. हा प्रश्न अगदी रास्त होता. त्या वेळी कार्यालयात उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे होते, याची जाणीव आम्हांस आहे. सविस्तर उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

आम्ही व्यवस्थापनातील मंडळी असून डॉक्टर नाही. पुढील मजकूर प्रसूती व बालरोग विभागांतील डॉक्टरांशी चर्चा करून लिहिला आहे. तो सर्वसाधारण माहितीसाठी असून कोणत्याही मातेने औषधोपचारांत बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, ही विनंती.

प्रीबायोटिक म्हणजे काय?

आपल्या मोठ्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जीवाणूंची वस्ती असते. त्यांतील बहुसंख्य जीवाणू निरुपद्रवी आणि पुष्कळसे उपकारक असतात. आपण खाल्लेल्या अन्नातील काही भाग आपल्या पाचकरसांनी पचत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तेथील जीवाणू त्यावर जगतात. त्या प्रक्रियेत तयार होणारी ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही आम्ले शरीरास उपयोगी पडतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींना लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग ब्युटिरेटपासूनच मिळतो. आम्लतेमुळे काही रोगकारक जंतूंच्या वाढीसही आळा बसतो.

उपकारक जीवाणूंच्या या खाद्याला ‘प्रीबायोटिक’ हे नाव ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनी १९९५ साली दिले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या सहमतीनुसार, शरीरातील सूक्ष्मजीव ज्या पदार्थाचा निवडक उपयोग करतात आणि त्यातून आरोग्यास लाभ होतो, तो पदार्थ प्रीबायोटिक होय. ‘प्रोबायोटिक’ हा याच्याशी मिळताजुळता शब्द असल्याने पुष्कळांचा गोंधळ होतो. प्रोबायोटिक म्हणजे प्रत्यक्ष जिवंत उपकारक जीवाणू. शेतीच्या भाषेत सांगावयाचे तर प्रोबायोटिक हे बियाणे आणि प्रीबायोटिक हे खत. दोन्ही एकत्र दिल्यास त्यास ‘सिनबायोटिक’ म्हणतात.

गर्भारपणातील आतडे

गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, त्यामुळे आतड्यांची हालचाल मंदावते. वाढत्या गर्भाशयाचा दाब त्यात भर घालतो. शिवाय रक्तक्षय टाळण्यासाठी लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्यांनी अनेकींना मलावरोध होतो. आमच्या बाह्यरुग्ण विभागात गर्भवती भगिनींची ही नित्याची तक्रार आहे. काही जणी तर मलावरोधास कंटाळून गोळ्या परस्पर बंद करतात आणि बाळंतपणाच्या वेळी रक्त कमी असल्याचे आढळते. म्हणून पहिली सूचना अशी की लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. त्रास होत असल्यास तो डॉक्टरांना सांगावा आणि आहारातील चोथा व पाणी वाढवावे.

प्रौढ व्यक्तीने दररोज किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतुमय पदार्थ घ्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची शिफारस आहे. यासाठी बाजारातील पावडरीची गरज नाही. गहू, कांदा, लसूण आणि केळे यांत फ्रुक्टन वर्गातील प्रीबायोटिक असतात. मूग, मटकी, चवळी, हरभरा, तूर या कडधान्यांत गॅलॅक्टोज असलेल्या न पचणाऱ्या शर्करा असतात. उसळ खाल्ल्यावर पोटात वायू धरतो तो त्यांच्यामुळेच. ज्वारी, बाजरी, नाचणी, पालेभाज्या व सालीसकट खाण्याजोगी फळे यांतून इतर तंतुमय पदार्थ मिळतात. जी कुटुंबे कांदा-लसूण खात नाहीत, त्यांची काहीही अडचण होण्याचे कारण नाही. कडधान्ये, धान्ये आणि फळे पुरेशी आहेत. कडधान्ये भिजवून व मोड आणून घ्यावीत, प्रमाण हळूहळू वाढवावे आणि पाणी भरपूर प्यावे. एकदम प्रमाण वाढविल्यास पोट फुगते आणि मग चांगला आहारही नकोसा होतो.

बाळंतपणानंतर आपल्याकडे डिंकाचे व अळिवाचे लाडू देतात. डिंक हा विद्राव्य तंतुमय पदार्थ असून आतड्यातील जीवाणू तो आंबवितात, आणि अळीव भिजल्यावर जो बुळबुळीतपणा येतो तोही तंतुमय पदार्थच होय. जुन्या पिढीची ही योजना चांगली आहे. मात्र लाडवांत साखर-गूळ व तूप पुष्कळ असल्याने मधुमेह असलेल्या मातांनी विचारून घ्यावेत. याउलट काही घरांत बाळंतिणीस महिनाभर केवळ मऊ भात व तूप देतात, भाज्या वर्ज्य करतात आणि पाणीही मोजून देतात. या पथ्यास शास्त्रीय आधार नाही. त्यामुळे मलावरोध वाढतो आणि टाके असलेल्या मातेचे हाल होतात.

निसर्गाची योजना : आईचे दूध

बाळासाठीचे प्रीबायोटिक आईच्या दुधातच असते, ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील आंरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचात एक विशिष्ट जीवाणू विपुल आढळला. त्यास आज बिफिडोबॅक्टेरियम म्हणतात. आईच्या दुधातील कोणत्या घटकावर तो वाढतो, याचा शोध पॉल ग्यॉर्गी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात घेतला. तो घटक म्हणजे मानवी दुधातील ऑलिगोसॅकराइड, अर्थात विशिष्ट जोडशर्करा.

आईच्या दुधात पाणी वगळता प्रमाणाने पहिली दुग्धशर्करा, दुसरे स्निग्ध पदार्थ आणि तिसऱ्या क्रमांकावर या जोडशर्करा येतात. त्यांचे दीडशेहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. नेहमीच्या दुधात त्या दर लिटरला साधारण ५ ते १५ ग्रॅम आणि पहिल्या पिवळसर चिकात त्याहून अधिक असतात. गायीच्या दुधात त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. नवल असे की बाळास त्या पचत नाहीत. आईचे शरीर इतके परिश्रम करून जो घटक बनविते, तो बाळासाठी नसून बाळाच्या आतड्यातील जीवाणूंसाठी असतो. ते जीवाणू वाढले की आतड्यात आम्लता येते आणि उपद्रवी जंतूंना जागा कमी उरते. शिवाय या जोडशर्करांची रचना आतड्याच्या अस्तरावरील शर्करांसारखी असल्याने काही रोगजंतू आतड्यास चिकटण्याऐवजी यांनाच चिकटतात आणि शौचावाटे निघून जातात. प्रतिकारशक्ती देणारे इतर घटक दुधात असतात ते निराळेच.

गायीच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो आणि शेजारीपाजारी वाटतोही. परंतु बाळाच्या आईचा चीक मात्र ‘जड’, ‘शिळा’ किंवा ‘खराब’ म्हणून पिळून टाकून देणारी घरे आजही आम्हांस भेटतात. त्याऐवजी बाळास मध, साखरपाणी किंवा गुटी चाटविली जाते. एक वर्षाखालील बालकास मध देणे धोक्याचे आहे, कारण त्यातील जीवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. जन्मानंतर तासाभरात स्तनपान, पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध (डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब व औषधे सोडून), त्यानंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे वा अधिक काळ स्तनपान, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. उष्टावणानंतर मऊ वरणभात, कुस्करलेले केळे, नाचणीची खीर, शिजवून मऊ केलेल्या भाज्या असा चौरस आहार आला की बाळाच्या आतड्यातील जीवाणूंचे प्रकारही वाढत जातात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (२०१९-२१) दोन आकडे आम्हां रुग्णालय चालविणाऱ्यांस अंतर्मुख करणारे आहेत. देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे आरोग्य संस्थांत झाली. परंतु जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेली बालके अवघी ४१.८ टक्के होती. माता आपल्या दारापर्यंत आली आणि तरीही पहिला तास निसटला, असा याचा अर्थ आहे. हा दोष केवळ घरच्या रूढींवर ढकलता येणार नाही.

सिझेरियन आणि अपुऱ्या दिवसांची बाळे

सिझेरियनने जन्मलेल्या बाळांच्या आतड्यातील जीवाणू सुरुवातीस काहीसे वेगळे असतात. हा फरक पहिल्या वर्षात बराचसा कमी होत जातो. म्हणून ज्यांचे सिझेरियन झाले त्या मातांनी मनास लावून घेऊ नये. आवश्यक शस्त्रक्रियेने जीव वाचतो, आणि त्यानंतर शक्य तितक्या लवकर बाळास छातीशी घेणे व अंगावर पाजणे हे आपल्या हाती असते.

अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्यांच्या अपरिपक्व आतड्यास सूज येऊन ते सडण्याचा एक भयंकर विकार होऊ शकतो. आईचे दूध हे त्यावरील मोठे संरक्षण आहे. आईचे दूध अपुरे असल्यास दुसऱ्या मातांनी दान केलेले दूध हा पुढचा पर्याय होय. अशा बाळांना दान केलेल्या दुधाऐवजी पावडरीचे दूध दिल्यास या विकाराचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसून आले आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट आहे. दुग्धपेढीत दान केलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून निर्जंतुक करतात. त्यात काही संरक्षक घटक कमी होतात, परंतु वर सांगितलेल्या जोडशर्करा मोठ्या प्रमाणात टिकून राहतात.

डबे आणि पुड्या : लाभ किती?

मग डब्यांवरील दावा खोटा आहे काय? तसेही नाही. पावडरीत घातलेल्या प्रीबायोटिकमुळे बाळाची शौच मऊ होते आणि बिफिडोबॅक्टेरियमची संख्या वाढते, असे आढळले आहे. परंतु हे घटक बहुधा दुग्धशर्करेपासून वा वनस्पतींपासून बनविलेले असतात. अलीकडे मानवी दुधातील काही जोडशर्करा प्रयोगशाळेत तयार करून मिसळल्या जातात. तरीही दीडशेहून अधिक प्रकारांपैकी त्या मोजक्याच होत. जागतिक ॲलर्जी संघटनेने २०१६ साली पूर्णपणे स्तनपानावर असलेल्या बाळांना प्रीबायोटिक न देण्याचे सुचविले, आणि गर्भवती मातांच्या बाबतीत पुराव्याअभावी कोणतीही शिफारस केली नाही. गर्भारपणातील मधुमेह टाळण्यासाठी दिलेल्या प्रोबायोटिकच्या चाचण्यांचा आढावा २०२१ साली कोक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात मधुमेह टळल्याचे दिसले नाही. उलट गर्भारपणातील रक्तदाबाच्या गंभीर विकाराचा धोका वाढल्याचे आढळले. ‘नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही’ ही समजूत म्हणूनच बरोबर नाही.

आपल्या देशातील एका अभ्यासाचा उल्लेख न्याय म्हणून करावयास हवा. ओडिशाच्या ग्रामीण भागात डॉ. पिनाकी पाणिग्रही व सहकाऱ्यांनी सुमारे ४,५०० नवजात बालकांवर चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आले. लॅक्टोबॅसिलस प्लांटेरम हा जीवाणू आणि त्याचे प्रीबायोटिक खाद्य सात दिवस दिल्यावर जंतुसंसर्ग वा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. हे यश मोठे आहे. परंतु ती बाळे २,००० ग्रॅम वा अधिक वजनाची होती, ती आईच्या दुधावर होती आणि दिलेला जीवाणू विशिष्ट जातीचा होता. त्यावरून दुकानातील कोणतीही पुडी कोणत्याही बाळास द्यावी, असा निष्कर्ष निघत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली, अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाच्या मृत्यूनंतर, अशा बाळांना प्रोबायोटिक देण्याविषयी डॉक्टरांना इशारा दिला. त्या बाळाच्या रक्तात दिलेलाच जीवाणू वाढला होता.

आमची चूक

आता थोडे स्वतःविषयी. पूर्वी काही वर्षे आमच्या औषध दुकानाच्या दर्शनी फळीवर बाळाच्या दुधाचे डबे मांडलेले असत. त्यांच्या विक्रीवरील नफा रुग्णालयाच्या उत्पन्नात जमा होई आणि हिशेब पाहताना आम्हांस त्यात काही वावगे दिसत नसे. एके दिवशी दीड महिन्याचे एक बाळ जुलाबाने सुकून पुन्हा दाखल झाले. बाळंतपण आमच्याकडेच झाले होते. ‘दूध येत नाही’ म्हणून दुसऱ्याच दिवशी वडिलांनी आमच्याच दुकानातून डबा नेला होता. चारशे ग्रॅमच्या डब्यातून साधारण तीन लिटर दूध होते. म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या बाळास तो जेमतेम चार दिवस पुरतो आणि महिन्यास सात-आठ डबे लागतात. मजुरीवर जगणाऱ्या घराला हे परवडणार कसे? आजीने डबा पुरवून वापरण्यासाठी पावडर कमी व पाणी जास्त घालावयास सुरुवात केली. तोवर आईचे दूधही आटले होते. सुदैवाने बाळ बरे झाले. बालरोग विभागाच्या प्रमुखांनी त्या दिवशी आम्हांस एवढेच विचारले, की त्या डब्यावर रुग्णालयास किती रुपये मिळाले आणि या दाखल होण्यावर किती खर्च झाले. फळीवरील डबे त्याच आठवड्यात उतरविण्यात आले. आता डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते दिले जात नाहीत.

शिशु दुग्धपर्यायांविषयीचा १९९२ चा केंद्रीय कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, याबाबत स्पष्ट आहे. दुग्धपर्याय व दूधबाटल्या यांची जाहिरात करण्यास, मोफत नमुने देण्यास आणि अनाथालयाखेरीज अन्यत्र त्या दान करण्यास मनाई आहे. आपल्या देणगीदारांचा हेतू कितीही शुद्ध असला तरी आम्हांस डबे स्वीकारता आले नसते, याचे हे एक कारण. दुसरे कारण वर सांगितलेल्या बाळाचे. भेट मिळालेला पहिला डबा संपतो तेव्हा दूध आटलेले असते आणि दुसरा डबा विकत घ्यावा लागतो.

काही मातांना आजारपणामुळे वा अन्य कारणाने स्तनपान देता येत नाही. त्यांच्यासाठी पावडरीचे दूध हे आवश्यक अन्न आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही. अशा मातेस आमच्या परिचारिका योग्य प्रमाण, उकळलेले पाणी आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा वा बोंडले यांचा वापर प्रत्यक्ष करून दाखवितात.

देणगीचा विनियोग

त्या देणगीदारांशी आम्ही पुन्हा बोललो. त्यांनी मोठ्या मनाने आमचे म्हणणे ऐकून घेतले आणि डब्यांसाठी ठेवलेली रक्कम दोन कामांसाठी दिली. पहिले काम म्हणजे प्रसूती विभागात स्तनपान समुपदेशक परिचारिकेची नेमणूक. पहिल्या तासात बाळास छातीशी लावणे, बाळाची पकड दुरुस्त करणे, दूध काढून ठेवण्याची पद्धत शिकविणे आणि तिसऱ्या दिवसापर्यंत घाबरलेल्या आजीस धीर देणे, हे त्यांचे काम. दुसरे म्हणजे दाखल मातांच्या जेवणात रोज एक उसळ, एक पालेभाजी, भाकरी आणि एक फळ. पूर्वीचा पांढरा पाव व चहा सकाळच्या न्याहारीतून वगळण्यात आला आहे.

यापुढील संकल्प स्तनपान व्यवस्थापन कक्षाचा आहे. दूध काढण्याचे यंत्र, स्वतंत्र शीतपेटी आणि मातांना निवांत बसण्याजोगी एक खोली एवढी त्याची गरज आहे, जेणेकरून काचपेटीतील बाळास स्वतःच्या आईचे दूध मिळत राहील. केंद्र शासनाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे यासाठी समोर आहेत. आईचे दूध विकण्याची वस्तू नाही, त्यामुळे या कक्षातून कोणतेही उत्पन्न मिळणार नाही. ताळेबंदात तो केवळ खर्चाच्या बाजूस दिसेल, हे विश्वस्त मंडळास व आपणांस आधीच सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

आपल्या घरी, शेजारी वा कामावर कोणी गर्भवती असेल तर तिला या लेखातील चार गोष्टी सांगाव्यात : लोहाच्या गोळ्या सोडू नकोस, ताटात उसळ आणि भाजी असू दे, पहिला चीक बाळाला पाज, आणि अडचण आल्यास डबा आणण्यापूर्वी परिचारिकेला विचार. हेही रुग्णालयास दिलेले दानच होय.